मशीनमधली मायची हाक

विलासच्या मशीनमधला त्याच्या आईचा आवाज मी पुसला. विलासने नाही. एवढी दोन वाक्यं मी आजवर कोणासमोर उच्चारलेली नाहीत, बायकोसमोरही नाहीत. विलास मात्र तो आवाज आपल्याच हातून गेला असं समजून सहा वर्षं जगला, आणि सात आठवड्यांपूर्वी तसंच समजून गेला.

रेणूचा, म्हणजे त्याच्या मुलीचा, फोन आला तेव्हा मी कचेरीत जायला गाडी काढत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती बोलू शकली. अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये विलास वजनकाट्यावर होता. सकाळी कापसाचा पहिला ट्रक काट्यावर चढला. ड्रायव्हर पावतीची वाट पाहत राहिला, दोनदा हॉर्न वाजवला, मग उतरून खिडकीशी आला. विलास खुर्चीत टेकून बसलेला, एक हात कम्प्युटरच्या बटणांवर. मी बडनेऱ्याहून मिळेल ती गाडी धरली आणि उभ्याने अकोल्याला गेलो. त्या सव्वा तासात मला दुःखाबरोबर आणखी एक गोष्ट वाटली, ती लिहिताना लाज वाटते. वाटलं, चला… आता सांगायचं राहिलं नाही. खांदा देताना तोच विचार पुन्हा आला आणि मी मध्येच खांदा दुसऱ्याकडे दिला. लोकांना वाटलं दोस्त गेला म्हणून. तेही खरं होतंच.

आमची ओळख अमरावतीच्या कॉलेजातली. मी गॅदरिंगमध्ये तबला वाजवायचो, पुढे ऑक्टोपॅड शिकलो आणि कारकुनी सांभाळून लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवू लागलो. अजूनही वाजवतो. विलासला गाण्यात तेवढा रस नव्हता. त्याला आवाजात रस होता. एसटीत शेजारी बसला की कोपराने ढोसायचा, "ऐक बे, मागची काच कशी बोलून राहिली." मला फक्त खडखड ऐकू यायची. तो त्यात मात्रा मोजायचा. कॉलेज संपल्यावर तो अकोल्याला घरी परतला आणि जिनिंगमध्ये फिटर झाला. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या मशीनचा, म्हणजे रेच्याचा, ठेका त्याने मला फोनवर तोंडाने वाजवून दाखवला होता, चांगला पाच मिनिटं. मग कधीतरी कापसाची बांधलेली गाठ पायावर घसरली, पाऊल कायमचं आखडलं, आणि मालकाने त्याला मशीनवरून काढून काट्यावर बसवलं. मशीनचा आवाज भिंतीपलीकडे गेला. पुढ्यात कम्प्युटर आला.

त्यानंतर दोनएक वर्षांनी त्याने मला विचारलं, गड्या, आवाज धरून ठेवणारं मशीन घ्यायचं आहे, कोणतं घेऊ? त्याला सॅम्पलर म्हणतात. माइक समोर धरायचा, टाळी वाजवायची, ती टाळी मशीनच्या एका चौकोनात जाऊन बसते. मग चौकोनावर टिचकी मारली की तीच टाळी. ती बारीक करा, जाड करा, उलटी फिरवा, दहा आवाज एकावर एक रचा आणि त्याचं संगीत करा. रेणूने आपला लॅपटॉप पुढे केला होता, म्हणाली होती, बाबा यात हे सगळं फुकट होतं. विलासने हात जोडले. "दिवसभर त्याच्यात ट्रकचे आकडे पाह्यतो बाई. त्याच्यातून गाणं निघालं तरी मले वजनच दिसन." त्याला पडदा नको होता. हाताखाली काहीतरी हवं होतं.

त्या वर्षी त्याने जेवढा विचार त्या मशीनचा केला तेवढा लग्न ठरवतानाही केला नसेल. दर रविवारी फोन. वीज गेली तर चालेल का, माइक थेट लागतो का, चष्मा न लावता वापरता येईल का. शेवटी तीन मशीनं उरली. एक तळहाताएवढं, पेन्सिल सेलवर चालणारं. ते पाहून त्याची बायको, शोभावहिनी, म्हणाल्या की हे तर रेणूच्या शाळेतलं कॅलक्युलेटर दिसतं, आणि ते बाद झालं. दुसरं चपट्या डब्यासारखं, वर सोळा रबरी चौकोन, बोटांनी वाजवायचं. त्यात प्रत्येक काम वेगवेगळं कार्डावर ठेवता यायचं. तिसरं माझ्याकडे होतं तसंच, नऊ पॅडचं, मोठं, काठ्यांनी वाजवायचं, स्टेजसाठी केलेलं, आत नऊ-नऊ आवाजांचे पुष्कळ कप्पे. आम्ही दोघं नागपूरला जाऊन सोळावालं पाहून आलो. दुकानात विलासने डोळे मिटले आणि त्या चौकोनांवरून बोटं फिरवली, कणीस सोलण्याआधी दाणा भरला का पाहतात तशी. बाहेर येऊन म्हणाला, "हे बोटाचं मशीन आहे अन्या. तुहं काडीचं आहे." त्याची निवड तिथेच झाली होती.

मी ती मोडली. परतीच्या गाडीत, जाणत्याच्या आवाजात, त्याला पटवत राहिलो. माझ्यासारखं घे, अमरावतीत दुरुस्त होतं, उद्या विकायचं झालं तर गिऱ्हाईक मिळतं, आणि मुख्य म्हणजे टोन मी भरून देईन. आमच्या लाइनीत ही रीतच आहे. नवं मशीन घेतलं की नारळ फोडून ते जुन्या वाजवणाऱ्याकडे न्यायचं, आणि त्याने आपल्याजवळचे ढोलकी, हलगी, टिमकी, ताशा असे जमवलेले सगळे आवाज त्यात भरून द्यायचे. वस्तादाने हात ठेवल्यासारखं असतं ते. पण विलासला ढोलकी-हलगी नकोच होती. हे मला माहीत होतं. माझं खरं कारण वेगळं होतं. लग्नसराईत माझं मशीन बंद पडलं तर तसंच दुसरं हाताशी असावं, आणि ते विकत घ्यावं लागू नये, एवढंच. मी माझ्या सोयीसाठी माझ्या मित्राला त्याच्या बोटांपासून तोडलं. तो म्हणाला, तू म्हणतो तर तसं.

काडीच्या मशीनवर तो बोटांनीच वाजवायला शिकला. आणि त्याने पहिलं काम केलं ते नळाचं. अकोल्यात राहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. चार-सहा दिवसांनी नळ येतात, कधी येतील ते कोणी सांगत नाही, आणि पाण्याआधी नळातून हवा येते. फुसकारते, खोकते, थांबते. डाबकी रोडच्या त्यांच्या गल्लीत ही हवा सगळ्यात आधी ऐकायची ती विलासची आई. सगळी गल्ली तिला माय म्हणायची. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, पण कान असे की पोळ्या लाटता लाटता हात थांबवायची, उठून दारात यायची आणि हाक द्यायची, "नळ आले वं…" तो 'वं' ती इतका लांबवायची की गल्लीच्या टोकापर्यंत पुरायचा. मग बादल्या, हंडे, पत्र्याचे पिंप, सगळीकडून आदळआपट. विलास तीन आठवडे माइक घेऊन नळाशी बसला होता. माय म्हणायची, "काय लावलं माह्या तोंडासमोर? मी का पुढारी आहो?" शेवटी हाक मिळाली, आणि तिच्या शेपटाला जोडून हेही मिळालं, "मशीन काय धरलं बे, हंडा धर." ते त्याने काढून टाकलं नाही. हवेच्या फुसकाऱ्याचा ठेका, वर बादल्यांची झणझण, मध्ये शांतता, आणि त्या शांततेत मायची हाक. चार मिनिटांचं काम होतं. मी पस्तीस वर्षं वाजवतो आहे, असं काही माझ्या हातून झालेलं नाही.

त्याने ते मायला ऐकवलं तेव्हा मी तिथे होतो. तिने ते लाटणं हातात धरूनच ऐकलं. मग म्हणाली, "मी एवढी बोंबलतो?" विलास हसला, आम्ही सगळेच हसलो. थोड्या वेळाने तिने हळूच सांगितलं, "आणखी एकडाव लाव बरं."

पुढच्या हिवाळ्यात माय गेली. तिचे फोटो होते, चार-पाच. आवाज फक्त त्या मशीनमध्ये होता. त्याची दुसरी प्रत काढून ठेवायला हवी होती आणि ती कशी काढायची हे मी विलासला शिकवणार होतो. दर वेळी म्हणायचो, पुढच्या खेपेला शिकवतो.

त्याच लग्नसराईत माझ्या मशीनचे दोन पॅड मुके झाले. वरूडला संत्र्याच्या एका व्यापाऱ्याच्या घरचं मोठं लग्न होतं. मी विलासला फोन केला, तो एका शब्दाने हो म्हणाला, आणि अकोला स्टेशनवर मशीन घेऊन आला. मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. म्हणाला, "चार फालतू आवाज काढून टाकले, तुह्या ढोलकीले जागा पाहिजे ना. पहिल्या दहा कप्प्यांत माहं सामान आहे, तेवढं सोडून कुठंही भर." मी हो म्हटलं. माझ्या ध्यानात होतं. वरूडला पोचलो तर नवरदेव मांडवाच्या दाराशी, समोर ट्रॅक्टरवर लाइट, व्यापाऱ्याचा भाऊ येऊन ओरडतो आहे की वाजवायला पैसे दिले की बसायला. मी पेनड्राइव्ह लावला. एकेक टोन निवडून भरायला वीस मिनिटं लागतात. 'सगळं भरा' म्हटलं तर एक मिनिट, पण ते आधीचं सगळं घालवून भरतं. मशीनने तसं विचारलंही, इंग्रजीत, दोन ओळींत. माझ्या स्वतःच्या मशीनवर मी त्या प्रश्नाला शेकडो वेळा हो म्हटलं होतं. बोटाने सवयीने हो म्हटलं.

अडीच तास वाजवलं. लोक नाचले. सामान आवरताना वाटलं, मायची हाक एकदा ऐकावी. विलासच्या कप्प्यात गेलो आणि पॅडवर बोट मारलं. टिमकी वाजली.

इथपर्यंत जे झालं त्याला मी चूक म्हणतो. पुढच्याला म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी, चहा घेऊन, शांत डोक्याने मी ते मशीन समोर ठेवलं आणि माझे सगळे टोन त्यातून एकेक करून काढून टाकले. कारण विलासने चालू केलं आणि त्यातून माझी ढोलकी निघाली, तर त्याला कळलं असतं. मशीन अगदी कोरं केलं. लुगड्यात पहिल्यासारखं गुंडाळलं. अकोल्याला त्याच्या घरी नेऊन दिलं, घाईत आहे म्हटलं, पाणीसुद्धा न घेता निघालो.

संध्याकाळी फोन आला. आवाज बारीक होता. "गड्या, मशीन खाली दाखवून राहिलं. माहं काहीच नाही त्याच्यात."

खरं बोलायला तो क्षण पुरेसा होता. मी म्हणालो, "मला देण्याआधी तू काही काढून टाकलं होतंस ना?"

"हाव… चार आवाज. तुह्यासाठी जागा करत होतो."

"मग तेव्हाच गेलं असेल. एक बटण इकडचं तिकडे झालं की सगळं जातं. मी चालू केलं तेव्हा कोरंच होतं. मला वाटलं तू मुद्दाम केलं."

तो म्हणाला, "असन. माह्याच हातानं झालं असन. तू नको मनाले लावून घेऊ."

त्याने माझ्यासाठी जागा करून दिली होती, आणि तीच मी त्याच्यावर उलटवली. या लाइनीतला जाणता मी, त्यामुळे माझ्या शब्दावर त्याने शंका घेतली नाही. त्यानंतर सात-आठ महिने मी अकोल्याला फिरकलो नाही. काही ना काही कारण सांगत राहिलो.

गेलो तेव्हा शोभावहिनींनी हसत हसत एक गोष्ट सांगितली. विलासने पुन्हा नळाचं काम करायला घेतलं होतं. हवा मिळाली, बादल्या मिळाल्या, हाक कुठून आणायची? म्हणून एका दुपारी त्याने वहिनींना दारात उभं करून हाक द्यायला लावली. नळाचा पत्ता नव्हता. वहिनींनी लाजत एकदा दिली, तो म्हणाला, मायसारखी दे. मग त्यांनी पोटातून दिली. पाच मिनिटांत गल्ली हंडे-बादल्या घेऊन बाहेर. कोरडे नळ पाहून शेजारच्या काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माय होती तं पाणी तरी यायचं. तू नुसतीच बोंबल." विलासने ते सगळं धरून ठेवलं होतं, काकूंच्या शिव्यांसकट. मला ऐकवलं. मी हसलो. तो म्हणाला, "बरं झालं आहे ना? पण माय नाही ते." मग त्याने ते बंद केलं.

आपल्या हातून मायचा आवाज पुसला गेला ही गोष्ट तो कोणालाही सांगायचा. लपवायचा नाही. असं मशीन घेऊ पाहणारं कोणी सल्ला विचारायला आलं की म्हणायचा, पहिले जपून ठेवायचं शिका, मंग वाजवा, माह्याकडे पाहा. माझं पाप त्याने स्वतःचं म्हणून घेतलं आणि त्यातून लोकांना शहाणपण वाटत राहिला.

शेवटचा तो माझ्याकडे अमरावतीला आला तो यंदाच्या उन्हाळ्यात. जेवणं झाल्यावर वहीच्या कागदावर सोळा चौकोन आखून त्यावर बोटांनी टकटक करत बसला. म्हणाला, पाच-सात वर्षं आणखी काट्यावर आहे, या बारीने सोळावालं घेऊ का? मी म्हटलं, घे, तेव्हाच घ्यायला पाहिजे होतं. तो म्हणाला, "तेव्हा तू नाही म्हणला." घरात कोणी नव्हतं. मी सगळा जोर एकवटून बोललो, "तेव्हा मी माझ्या सोयीचं सांगितलं होतं विलास. मला तुझं मशीन वापरायला हवं होतं."

तो टकटक न थांबवता हसला. "मले माहीत होतं बे. नागपूरच्या गाडीतच समजलं होतं. मनलं, दोस्ताचं काम भागते तं भागू दे. माही बोटं काय, कशावरही चालतात."

मला वाटलं होतं, अर्धं बोललो की उरलेलं आपोआप बाहेर येईल. पण त्याने ते अर्धं इतक्या सहज माफ केलेलं निघालं, आणि तेही पहिल्याच दिवशी, की उरलेल्याला तोंडच राहिलं नाही. मग तोच म्हणाला, "मायचं गेलं ते तं माह्याच हातानं. त्याच्यात तुहा काय दोष." तो माझी समजूत घालत होता. मी मान हलवली… होकाराची की नकाराची, मलाही सांगता येणार नाही. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. सोळावालं मशीन त्याने घेतलं नाही, तेवढा वेळ मिळाला नाही.

तेरवीला त्याच्या जिनिंगचे लोक होते. पंगतीत कोणीतरी विषय काढला, आणि काट्यावरच्या एका सोबत्याने मायच्या आवाजाची गोष्ट सांगितली, विलास सांगायचा तशीच. असा साधा माणूस, म्हणाला, स्वतःच्या मायचा आवाज स्वतःच पुसला आणि वर स्वतःवरच हसायचा. लोक हळहळले, हसलेही. मी खाली मान घालून वरण-भात कालवत होतो. तेव्हा मला कळलं की विलास गेल्यावर ही गोष्ट संपलेली नाही. ती आता त्याच्याविषयी सांगायची गोष्ट झाली आहे.

जेवणं उरकल्यावर रेणू मला आतल्या खोलीत घेऊन गेली. खिडकीशी फळीवर मशीन होतं, शेजारी माइक, त्याला धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी बांधलेली. प्रत्येक पॅडवर चिकटपट्टी आणि त्यावर त्याचं अक्षर. हवा. बादली. रेचा. शोभा. गल्ली. तिने एकेक वाजवून दाखवलं. वहिनींची खोटी हाक आली, काकूंच्या शिव्या आल्या, जिनिंगच्या भिंतीपलीकडचा ठेका आला. एका पॅडवर 'माय' लिहिलेलं होतं. तिने त्यावर बोट मारलं. काही वाजलं नाही. रेणू म्हणाली, बाबा रोज मशीन चालू केलं की आधी यावर एकदा बोट मारायचे, आणि मगच कामाला लागायचे. आईने एकदा विचारलं तर म्हणाले, आली असन परत तं आपल्याले कसं समजन?

मग तिने मला विचारलं, "काका, तुम्हाला यातलं कळतं. बाबांनी तेव्हा नेमकं काय दाबलं होतं?"

मी म्हणालो, आता आठवत नाही बेटा, फार दिवस झाले.

विलासशी खोटं बोललो होतो, ते त्याच्याबरोबर जळून गेलं असं मी स्वतःला सांगू शकलो असतो. पण हे तेराव्या दिवशी, त्याच्या खोलीत, त्याच्या मुलीशी बोललो. त्यानंतर झोप नीट लागत नाही, हे सांगून सहानुभूती मागायची नाही. एवढंच, की त्या दिवसापासून मी हा लेख लिहितो आहे आणि फाडतो आहे.

येत्या शनिवारी, हे छापून येण्याआधी, मी अकोल्याला जाणार आहे. रेणू आणि शोभावहिनींना पेपरात वाचून कळू नये, माझ्या तोंडून कळावं. त्या काय म्हणतील ते मी ऐकून घेईन. शेजारच्या काकूंना आणि काट्यावरच्या त्या सोबत्यालाही सांगेन, कारण गोष्ट त्यांच्याही तोंडी आहे. मायचा आवाज मला परत देता येणार नाही. विलासच्या हातून काही पुसलं गेलं नव्हतं, हे त्याच्या घरात जाऊन सांगणं, एवढं देणं मी त्याचं लागतो. ते अजून मी केलेलं नाही.